घाटात ‘गाडी थांबवा’ म्हणायला लाजू नका

पावसाळा उतरणीला लागला, की नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या वस्त्यांमधून तोरणमाळच्या सहली निघतात. चार-पाच घरे मिळून क्रूझर किंवा टेम्पो ट्रॅव्हलर ठरवतात. टपावर पातेली, ताडपत्री आणि गोधड्या बांधल्या जातात. सीटखाली शेगडी आणि पिठाची पिशवी जाते. पहाटे अंधारातच गाडी हलते. आत झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीला कॅराव्हॅन म्हणतात. तिच्यासाठी महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये वेगळे पर्यटन धोरणही आणले. आपली भाड्याची क्रूझर दोन दिवसांपुरती तसेच चालतेबोलते घर होते.

सहलीला जरूर जा. वर्षभर राबणाऱ्या माणसाला डोंगर, तलाव आणि मोकळी हवा मिळालीच पाहिजे. पण वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही दर वर्षी एक गोष्ट पाहतो. सहलीनंतरच्या आठवड्यात एखादी वहिनी लघवीच्या जळजळीने बेजार असते. एखाद्या सिकलसेलच्या मुलाच्या हाडांत कळा सुरू होतात. कोणाची आजी चक्कर येऊन पडलेली असते. काय झाले म्हणून विचारले, तर उत्तर बहुतेक वेळा एकच मिळते : ‘मळमळत होते, तहान लागली होती, लघवीला लागली होती, पण सगळ्यांचा खोळंबा नको म्हणून बोलले नाही.’ घाटातला बराचसा त्रास वेळेवर थांबल्याने टळतो. म्हणून कुठे आणि कशासाठी थांबायचे, हे या वेळी समजून घेऊ.

घाट चढताना शरीराला काय होते?

शहादा तापीच्या खोऱ्यातल्या सखल मैदानात आहे. तोरणमाळ सातपुड्यात, अक्राणी म्हणजे धडगाव तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१५० मीटर उंचीवर आहे. म्हसावद, राणीपूर मागे पडले की रस्ता वळणे घेत चढू लागतो. शहाद्यापासूनच्या पन्नासेक किलोमीटरांत आपण जवळजवळ एक हजार मीटर वर जातो.

वर हवा विरळ असते, म्हणून श्वास लागेल, अशी भीती अनेकांना वाटते. धडधाकट माणसाला या उंचीचा काही त्रास नाही. विरळ हवेचा आजार साधारण अडीच हजार मीटरच्या वर, लडाख किंवा केदारनाथसारख्या ठिकाणी होतो. मात्र ज्यांना हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार आहे, फार रक्तक्षय आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. तोरणमाळला वर गेल्यावर श्वास लागला किंवा छातीत दुखले, तर ‘उंचीमुळे होते’ म्हणून दुर्लक्ष करू नका. ते दुसऱ्या आजाराचे लक्षण असू शकते.

चढताना कानात दडे बसतात. बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो आणि कानाच्या पडद्यामागची हवा अडकून राहते. थुंकी गिळली, जांभई दिली, फुटाणे चघळले की कान मोकळे होतात. तान्ह्या बाळाला चढताना आणि उतरताना अंगावर पाजावे.

थंडीही वाढते. हजार मीटर वर गेले की हवा साधारण सहा अंशांनी थंड होते. खाली घाम येत असताना स्वेटर घ्यायचे कोणाला सुचत नाही. रात्री मग म्हातारी माणसे आणि लेकरे कुडकुडतात.

गाडी लागते म्हणजे काय?

आपल्या कानाच्या आतल्या भागात बारीक नळ्या असतात आणि त्यांत पाणी असते. गाडी वळली की ते पाणी हलते, आणि ‘आपण वळतो आहोत’ हे मेंदूला कळते. पण डोळे त्याच वेळी समोरची सीट किंवा मोबाईल पाहत असतात. ते सांगतात, ‘आपण जागेवरच आहोत.’ कान एक सांगतो आणि डोळा दुसरेच. या गोंधळातून मळमळ, घाम, जांभया आणि उलटी होते. हा पोटाचा आजार नाही आणि मनाचा कमकुवतपणाही नाही.

दोन ते बारा वर्षांची मुले, गरोदर बाया, पाळी सुरू असलेल्या मुली आणि अर्धशिशीचा त्रास असलेली माणसे यांना गाडी जास्त लागते. आपल्याकडे मुलांनाच मागच्या आडव्या बाकांवर कोंबतात. क्रूझरमधली तीच जागा सगळ्यांत वाईट. तिथून पुढचा रस्ता दिसत नाही, झोल जास्त बसतो आणि डिझेलचा वासही येतो.

ज्याला गाडी लागते त्याला पुढे, रस्ता दिसेल असे बसवा. मान टेकवून दूरच्या डोंगराकडे पाहायला सांगा. काच उघडी ठेवा, मोबाईल बाजूला ठेवा. रिकाम्या पोटी निघू नका, पण शेवभाजी, भजी, तर्री असे तेलकट-तिखटही नको. भाकरी-दूध, पोहे किंवा केळे पुरे. आल्याचा तुकडा चघळल्याने काहींना बरे वाटते.

उलटीची गोळी घ्यायची तर निघण्याआधी तासभर घ्यावी. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही. प्रवासासाठी बहुतेक वेळा प्रोमेथाझिन किंवा डायमेनहायड्रिनेट ही औषधे देतात. पोट बिघडल्यावर दिली जाणारी ऑन्डॅन्सेट्रॉनची गोळी गाडी लागण्यावर फारशी उपयोगी पडत नाही. प्रोमेथाझिनने झोप येते. दोन वर्षांखालच्या मुलाला ते अजिबात देऊ नये, त्याने श्वास मंदावू शकतो. गरोदर बाया, काचबिंदू असलेले आणि प्रोस्टेटच्या त्रासाने लघवी अडणारे यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. दारूबरोबर तर नकोच.

मळमळ सुरू झाली की सरळ, रुंद जागा पाहून गाडी थांबवा. दहा मिनिटे खाली उतरून उभे राहिले की बरे वाटते. वळणावर मात्र कधीही थांबू नका.

बायांनी पाणी तोडायचे नाही

वाटेत आडोसा मिळणार नाही म्हणून आपल्या आया-बहिणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत, लघवी दाबून ठेवतात. लघवी तुंबली की तिच्यात जंतू वाढतात. पाणी कमी पडले की ते धुऊन निघत नाहीत. मग जळजळ, थेंब-थेंब लघवी, ओटीपोटात दुखणे सुरू होते. थंडी वाजून ताप आला आणि कमरेच्या वर पाठीत दुखू लागले, तर जंतू मूत्रपिंडापर्यंत गेलेले असू शकतात. गरोदर बाईला तर यामुळे वेळेआधी कळा लागू शकतात.

म्हणून थांबे आधीच ठरवा. नंदुरबारहून निघालात तर पहिला थांबा प्रकाशा किंवा शहाद्याला, दुसरा घाट लागण्याआधी म्हसावदला आणि तिसरा वर पोहोचल्यावर. पेट्रोल पंपावर किंवा बसस्थानकावर शौचालय आहे का, ते उतरून विचारा. सोबत एक जुनी साडी आणि दोन बांबू ठेवा, कुठेही आडोसा होतो. थांबा ठरलेला असला की कोणत्याही सुनेला सासऱ्यासमोर तोंड उघडून मागावे लागत नाही.

पाणी घरून उकळून न्या. माणशी निदान दोन लिटर धरा. यशवंत तलावाचे किंवा धबधब्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी प्यायचे नाही. जलसंजीवनीची चार-पाच पाकिटे पिशवीत असू द्या.

सिकलसेलचा रुग्ण गाडीत असेल तर

हा भाग आपल्या घरांसाठी फार महत्त्वाचा आहे. नंदुरबारमध्ये भिल्ल, पावरा आदिवासी बांधवांत सिकलसेल मोठ्या प्रमाणात आहे, आणि महाराष्ट्रात आपल्या बौद्ध समाजातही तो आढळतो. आई आणि वडील दोघांकडून दोष आला तर मूल रुग्ण होते. एकाकडूनच आला तर ते वाहक असते. वाहकाला सहसा त्रास नसतो. रुग्णाच्या लाल पेशी मात्र ऑक्सिजन कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. तिथे रक्त पोहोचत नाही आणि असह्य कळा येतात.

पेशी वाकायला निमित्त होते ते पाणी कमी पडणे, गारठा, दमछाक आणि ताप. सहलीत यातली पहिली तीन एकाच दिवशी जमतात. सकाळपासून पाणी नाही, धबधब्याखाली भिजणे, मग सीताखाईच्या कड्यापर्यंत धावाधाव आणि ओल्या कपड्यांत परतीचा प्रवास.

अशा मुलाला घरी ठेवू नका, बरोबर न्या. पण दर अर्ध्या तासाला पाणी पाजा. त्याला थंड पाण्यात उतरू देऊ नका. कपडे भिजले तर लगेच बदला. चालताना मधे-मधे बसवा. हायड्रॉक्सीयुरिया, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू असतील तर दोन दिवसही चुकवू नका, आणि कागदपत्रे सोबत ठेवा. कळा सुरू झाल्या तर ऊब द्या, पाणी द्या, डॉक्टरांनी सांगितलेली दुखण्याची गोळी द्या. ताप, छातीत दुखणे, श्वास लागणे, पोटाच्या डाव्या बाजूला एकदम फुगणे, हातापायातली ताकद जाणे यांपैकी काहीही झाले तर तिथूनच दवाखाना गाठा. घरी परतेपर्यंत वाट पाहू नका.

तपासणी झाली नसेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे.

गाडी आणि ड्रायव्हर

खानदेशातलीच एक घटना आपल्या सगळ्यांना ठाऊक असायला हवी. ऑक्टोबर १९२९ मध्ये बाबासाहेब चाळीसगावला उतरले. महाराला टांग्यात बसवून न्यायला टांगेवाल्यांनी नकार दिला. शेवटी टांगा भाड्याने घेऊन हाकायला आपल्यातलाच एक माणूस बसला. त्याला टांगा हाकायची सवय नव्हती. नदीवरच्या पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरसबंदीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. दोष जातीच्या माजाचा होता. टांगा हाकणाऱ्याचे मन साफ होते. पण नुसत्या साफ मनाने टांगा चालत नाही, हात सवयीचा लागतो. त्या दिवशी आपल्या लोकांपुढे दुसरा पर्याय नव्हता. आज आपल्यापुढे आहे. मग ‘आपलाच पोरगा आहे, चालवेल’ म्हणून घाटाची सवय नसलेल्या हातात वीस जिवांचे स्टिअरिंग का द्यायचे?

घाट काय करू शकतो, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्या यात्रेकरूंची गाडी चांदसैली घाटात दरीत कोसळली आणि घराघरांत रडारड झाली.

गाडी ठरवताना चार गोष्टी पाहा. एक, आरसी बुकात जितक्या सीट लिहिल्या असतील तितकीच माणसे. जास्त माणसे म्हणजे जास्त वजन, आणि जास्त वजनाला ब्रेक उशिरा लागतो. टपावर माणसे बसली तर गाडी वळणावर कलंडते. दुसरी, माल वाहणाऱ्या पिकअपमध्ये माणसे बसवू नका. तिच्यात धरायला काही नसते, धक्का बसला की माणूस थेट बाहेर फेकला जातो. शिवाय अपघात झाल्यावर विमा कंपनी अशा प्रवाशांची भरपाई द्यायला सहसा नकार देते. तिसरी, भाड्याची गाडी पिवळ्या पाटीची असावी. चौथी, ड्रायव्हरची आदल्या रात्रीची झोप. तो रात्रभर लग्नाचे भाडे करून आला असेल, तर दोन तास उशिरा निघा. सर्दीसाठी त्याने सेट्रिझिनसारखी गोळी घेतली आहे का, तेही विचारा. अशा गोळ्यांनी डुलकी लागते. मुक्कामी त्याला जेवण आणि झोपायला नीट जागा द्या. तो गाडीतच पाय दुमडून पडला, तर सकाळचा घाट तो झोपेतच उतरेल.

उतार चढावापेक्षा धोक्याचा असतो. ब्रेकवर सतत पाय ठेवला की लायनर तापतात. मग ब्रेक दाबला तरी गाडी धरत नाही. म्हणून ज्या गिअरमध्ये चढलो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचे. इंजिनच गाडीला मागे खेचते आणि ब्रेकला विसावा मिळतो. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणे किंवा इंजिन बंद करणे म्हणजे जिवाशी खेळ. इंजिन बंद झाले की ब्रेक दाबायला आणि स्टिअरिंग वळवायला मिळणारी मदत जाते. जळका वास आला तर रुंद जागी थांबा, चाकामागे दगड लावा आणि अर्धा तास तसेच राहू द्या. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका. अरुंद जागी समोरून चढती गाडी आली तर उतरणाऱ्याने वाट द्यायची, असा नियमच आहे.

हे सगळे मागे बसलेल्या बाईलाही कळते. वास तिला येतो, ड्रायव्हरची मान डुलताना तिला दिसते. तिने बोलले पाहिजे, आणि बाकीच्यांनी ऐकले पाहिजे.

रात्रीचा मुक्काम : शेगडी बाहेरच

थंडी वाजते म्हणून पेटती शेगडी तंबूत, खोलीत किंवा गाडीत आणली जाते. निखाऱ्यांतून, तसेच चालू इंजिन आणि जनरेटरच्या धुरातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते आणि झोपेतच माणूस जातो. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसे मरण पावलेली आढळली. कारण होते जनरेटरचा हाच वायू, जो गाडीत शिरला होता. एवढ्या महागाच्या गाडीत हे घडते, तर ताडपत्री बांधलेल्या आपल्या टेम्पोत का घडणार नाही?

म्हणून स्वयंपाक गाडीपासून दूर, उघड्यावर करा. झोपताना शेगडी बाहेर ठेवून विझवा. काचा लावून, इंजिन चालू ठेवून गाडीत झोपू नका. आत झोपलेल्या सगळ्यांचेच डोके एकदम दुखू लागले तर ते जागरणाने आहे असे समजू नका. सगळ्यांना ताबडतोब उघड्या हवेत काढा आणि दवाखान्यात न्या. घरचा गॅस सिलिंडर गाडीत न्यायचा नाही. बंद गाडीत गॅस गळला तर एक ठिणगी पुरते.

काही झालेच तर

१०८ वर रुग्णवाहिका मोफत येते. ११२ वर पोलीस मिळतात. घाटात मोबाईलला रेंज नसते, म्हणून रेंज शेवटची कुठे होती ते लक्षात ठेवा, म्हणजे एकाला तिकडे पाठवता येते. जखमी माणसाला हात-पाय धरून उचलू नका. मानेला किंवा पाठीला मार असेल तर डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून चौघांनी मिळून फळीवर घ्या. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा, दर मिनिटाला उघडून पाहू नका. रुतलेली काठी किंवा काच उपसू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. उलटी होत असेल तर मान सांभाळून त्याला कुशीवर करा.

मदत केली तर पोलिसांचा ससेमिरा लागेल, या भीतीने माणसे पुढे होत नाहीत. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याच्यावर नाव सांगायचीही सक्ती नाही. तसेच मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींना नेमलेल्या रुग्णालयांत पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची केंद्र सरकारची योजना आहे. दवाखान्याने आधी पैसे मागितले तर या योजनेचे नाव घ्या.

आदल्या संध्याकाळी पंधरा मिनिटे

निघण्याच्या आदल्या दिवशी सगळी घरे विहारात किंवा कोणाच्या अंगणात बसा. कोणाला गाडी लागते, कोण गरोदर आहे, कोणाला साखर, दमा, सिकलसेल आहे, कोणाच्या रोजच्या गोळ्या आहेत, हे एका वहीत लिहा. बसायच्या जागा त्याप्रमाणे ठरवा, आधी पोहोचला त्याला पुढची सीट असे नको. थांबे ठरवा आणि ड्रायव्हरभाऊंना सांगा. बायांपैकी एकीला थांब्यांची जबाबदारी द्या. तिने ‘थांबा’ म्हटले की कारण न विचारता गाडी थांबेल, हे सगळ्यांसमोर कबूल करा. कोणाला का उतरायचे आहे, ते तिला कानात सांगता येईल.

परत आल्यावर तीन-चार दिवसांत कोणाला ताप, जुलाब, लघवीची जळजळ किंवा हाडांत कळा सुरू झाल्या, तर आशाताईंना कळवा किंवा आरोग्य केंद्रात जा, आणि सहलीला गेलो होतो हे आवर्जून सांगा.

जय भीम.